नाशिकचा कांदा, घरची साय आणि फ्रेंच धाटणीचा स्वयंपाक : कमी खर्चात काय काय जमते?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका हॉटेलात भरलेल्या फ्रेंच स्वयंपाकाच्या एकदिवसीय वर्गाला २,२०० रुपये भरून गेले होते. चार पदार्थ करून दाखवण्यात आले, चाखायला प्रत्येकी दोन चमचे मिळाले आणि घरी परतताना हाती साहित्याची एक छापील यादी आली. त्या यादीतले ग्रुयेर चीज, डबाबंद क्रीम, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी), थाइम (एक सुगंधी पाला) आणि ऑलिव्ह तेल एवढेच घ्यायचे म्हटले असते, तरी आमच्या चौघांचा पंधरा दिवसांचा भाजीपाला त्यात गेला असता. आमचे स्वयंपाकघर दूध आणि गॅस धरून महिन्याला १०,००० रुपयांत चालते आणि ते तसेच चालवणे भाग आहे. यादी कपाटात गेली आणि फ्रेंच जेवण हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

ते ठरवणे चूक होते, आणि त्याच चुकीत इतर कोणी अडकले असेल तर त्यांच्यासाठी हा धागा काढला आहे. नंतर मिळेल ते वाचत गेले, तेव्हा लक्षात आले की हॉटेलातला फ्रेंच स्वयंपाक वेगळा आणि तिथल्या घरांतला वेगळा. ऑग्यूस्त एस्कोफिए (१८४६–१९३५) यांच्यासारख्या आचाऱ्यांनी हॉटेलांच्या मुदपाकखान्यांना जी शिस्त लावली, तिची कीर्ती जगभर झाली; पण शेतकऱ्यांच्या, विणकरांच्या आणि मजुरांच्या घरांत शिळा पाव, कांदे, बटाटे, कडधान्ये आणि दुधावरची साय यांवरच चूल पेटत होती. आज ज्या पदार्थांची नावे आपण जपून उच्चारतो, त्यांतले कितीतरी याच काटकसरीतून आलेले आहेत. ‘पें पेर्द्यू’ म्हणजे शब्दशः ‘वाया गेलेला पाव’. रविवारी मिसळीबरोबर आणलेल्या लादीतले चार पाव सोमवारी कडक झाले, की ते दूध, अंडे आणि साखरेत भिजवून लोण्यावर परतायचे, एवढाच तो पदार्थ आहे.

माझ्या अनुभवातून सुरुवात कांद्याच्या सूपापासून करावीशी वाटते. पॅरिसच्या मध्यावर ‘ले आल’ नावाचा प्रचंड घाऊक बाजार होता, जो १९६९ मध्ये शहराबाहेर रुंजिस येथे हलवण्यात आला. त्या बाजारात पहाटे हमाल आणि व्यापारी हे सूप पीत असत. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात हा पदार्थ घरोघरी नसावा याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

चौघांसाठी एक किलो कांदा लागतो. शक्यतो उन्हाळ कांदा घ्यावा. लाल कांद्यात पाणी जास्त असते आणि ते आटवण्यातच वेळ जातो. कांदा उभा आणि पातळ चिरावा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे लोणी आणि एक चमचा तेल घालून त्यावर सगळा कांदा आणि अर्धा चमचा मीठ टाकावे, आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटे मंद आचेवर सोडून द्यावे. या वेळात कांदा बसतो, पाणी सोडतो आणि मलमलीसारखा पारदर्शक होतो. मग झाकण काढायचे. पाणी आहे तोवर पातेल्यातून नुसती फुसफुस ऐकू येते. पाणी संपले की आवाज बदलून चुरचुर सुरू होते, आणि तिथून पुढे पातेल्यापासून हलायचे नाही. बुडाला तपकिरी खरवड धरू लागते. दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने ती सोडवायची आणि कांद्यात मिसळायची. असे चार-पाच वेळा करायचे. एकंदर पन्नास मिनिटे ते तासाभराने किलोभर कांद्याचा मोठी वाटीभर गोळा उरतो, त्याचा रंग चिंचेच्या कोळासारखा गडद होतो आणि वास काकवीच्या जवळ जातो. त्यावर एक चमचा कणीक किंवा मैदा भुरभुरून दोन मिनिटे परतावे, सव्वा लिटर गरम पाणी किंवा भाज्यांचे पाणी घालून वीस मिनिटे उकळू द्यावे. शिळ्या पावाच्या चकत्या तव्यावर खडखडीत कोरड्या करून वाडग्यात सूपावर ठेवाव्यात आणि वर साधे चीज किसावे. ६० ग्रॅम चीज चौघांना पुरते.

पहिल्या वेळी पाहुणे यायची वेळ झाली म्हणून मी आच वाढवली आणि कांदा कडेने करपला. रंग तोच दिसत होता, पण सूप इतके कडू झाले की ते कोणालाच पिता आले नाही. म्हणून सांगते, की या पदार्थात घाई अजिबात चालत नाही.

आपापल्या घरी कोणी असे प्रयोग केले असतील तर सविस्तर लिहावे. विशेषतः ओव्हन नसताना आणि महागडे साहित्य न आणता काय जमले, ते वाचायला आवडेल.

हिशेबवही

ताई, धागा आवडला. परंतु माझ्या मनात लगेच प्रश्न आला तो गॅसचा, आणि तो इतरांच्याही मनात येईल. तासभर कांदा परतायचा असेल, तर कांद्याचे वाचवलेले पैसे सिलिंडरमध्ये जाणार नाहीत का? म्हणून बसून हिशेब केला. एक किलो एलपीजीपासून साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. घरातला लहान बर्नर पूर्ण उघडल्यावर सव्वा किलोवॅट धरला, तर तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. अगदी मंद ठेवल्यावर त्याचा एक तृतीयांश धरला, तर ३५ ग्रॅम होतात, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा सुमारे चारशेवा भाग. बर्नरप्रमाणे यात फरक पडेल, पण दुप्पट धरले तरी ही भीती मोठी नाही. खरा खर्च वेळेचा आहे, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला तो सहज परवडत नाही. माझी सूचना अशी, की कांदा रविवारी एकदम दोन किलो परतून ठेवावा. फ्रीजमध्ये तो चार-पाच दिवस चांगला राहतो आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सूप अर्ध्या तासात होते.

गोदातीर

हा हिशेब मी स्वतः कधी मांडला नव्हता, त्याबद्दल मनापासून आभार. कांदा आधी परतून ठेवण्याची सूचना योग्य आहे, आणि तोच कांदा अंड्याच्या ऑम्लेटमध्ये किंवा पोळीच्या गुंडाळीत घातला तरी उत्तम लागतो.

भाज्यांच्या पाण्याविषयी एक गोष्ट लिहायची राहिली. गाजराची टोके, कोथिंबिरीचे देठ, कांद्याचा बाहेरचा पापुद्रा आणि टोमॅटोची देठाकडची बाजू मी एका डब्यात साठवते आणि दोन दिवसांनी अर्धा तास उकळून गाळते. कोबी आणि फ्लॉवरची पाने त्यात घालू नयेत, कारण त्यांचा उग्र वास सगळ्या पाण्याला लागतो. हिवाळ्यात मटार सोलल्यावर उरणारी टरफलेही टाकू नयेत. फ्रान्समध्ये त्या टरफलांचे सूप करतात: टरफले, एक बटाटा आणि एक कांदा शिजवून मिक्सरमधून काढायचे आणि मोठ्या गाळणीतून गाळायचे. दोरे गाळणीत राहतात आणि खाली हिरवेगार, गोडसर सूप उतरते. किलोभर मटार घेतला की टरफलांचे वजन दाण्यांइतके, किंबहुना जास्तच भरते, आणि आपण ते थेट कचऱ्यात देतो.

स्पष्टवक्ता

विषय चांगला आहे, पण एक शंका स्पष्टपणे मांडतो. लीकऐवजी कांद्याची पात, थाइमऐवजी दुसरे काही, ग्रुयेरऐवजी दुकानातले साधे चीज, ऑलिव्हऐवजी शेंगदाणा तेल असे सगळेच बदलल्यावर त्या पदार्थाला फ्रेंच का म्हणायचे? आपल्याकडे कोणी नारळ आणि गूळ न घालता उकडीचा मोदक केला आणि त्याला मोदक म्हटले, तर आपल्याला ते पटेल का? त्यापेक्षा कांद्याचे सार, बटाट्याची खीर अशी आपली नावे द्यावीत. मला यात थोडा मोठेपणाचा सोस दिसतो.

गोदातीर

आपला आक्षेप मी गांभीर्याने घेते, कारण तो माझ्याही मनात येऊन गेला होता. म्हणूनच धाग्याच्या नावात मी ‘फ्रेंच धाटणीचा’ असे लिहिले आहे. ले प्वी या गावाच्या हिरव्या मसुराला तिथे १९९६ पासून भौगोलिक नावाचे संरक्षण आहे. आपल्या अख्ख्या मसुराला ते नाव लावणे चुकीचेच होईल, आणि मी ते लावत नाही. मात्र साहित्य बदलले म्हणजे सगळेच बदलले, हे मला मान्य नाही. जे घ्यायचे आहे ती रीत आहे, आणि रीत बदलली तर मात्र काहीच उरत नाही.

उदाहरण म्हणून रातातुई घ्या. हा नीस शहराच्या परिसरातला, म्हणजे प्रोव्हान्सचा, उन्हाळी भाज्यांचा पदार्थ आहे: वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, लसूण आणि झुकिनी. गिरणारे आणि पिंपळगावच्या टोमॅटोचा भाव पडलेला असतो, तेव्हा याहून स्वस्त भाजी नाही. झुकिनीऐवजी मी कोवळा दुधी किंवा घोसाळे घालते. आता याच भाज्या आपण एकत्र फोडणीला टाकल्या तर मिश्र भाजी होते. रातातुईमध्ये प्रत्येक भाजी वेगवेगळी तेलावर परतायची असते: वांग्याच्या फोडी आधी, त्या काढून ढोबळी मिरची, ती काढून दुधी, मग कांदा-लसूण आणि टोमॅटोचा घट्ट रस, आणि शेवटी सगळे एकत्र करून जेमतेम पंधरा मिनिटे झाकून ठेवायचे. हळद नाही, मसाला नाही, तिखट नाही. प्रत्येक फोड आपला आकार आणि आपली चव राखते, आणि दुसऱ्या दिवशी गार खाल्ली तर ती अधिक मुरलेली लागते. शेंगदाणा तेल घातले तरी हा फरक राहतो. एकत्र शिजवले तर ऑलिव्ह तेल घालूनही राहत नाही. ही शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि तिला दाम पडत नाही.

बटाट्याच्या बाबतीतही नावाचा मोठेपणा मनात आणू नये. फ्रान्समध्ये एके काळी बटाटा माणसाने खाण्याजोगा मानला जात नव्हता. पार्मांतिए (१७३७–१८१३) हे औषधनिर्माते युद्धकैदी म्हणून प्रशियात असताना बटाट्यावर राहिले आणि परतल्यावर त्यांनी त्याचा पुरस्कार केला. बटाटा आणि लीकच्या साध्या सूपाला आजही त्यांचेच नाव आहे. ज्या पदार्थाचा उगम तुरुंगातल्या जेवणात आहे, तो करताना मोठेपणा कसला?

कल्हईवाला

आमचे घराणे तांबट गल्लीतले आणि मी या धाग्यावर वेगळ्याच बाजूने आलो आहे. नीसचाच आणखी एक पदार्थ आहे, सोक्का, जो मला भांड्यांमुळे माहीत झाला. तो निव्वळ बेसनाचा असतो. २५० ग्रॅम बेसन, अर्धा लिटर पाणी, तीन मोठे चमचे तेल आणि मीठ, एवढेच साहित्य. पीठ दोन तास भिजू द्यायचे आणि मोठ्या, गोल, कल्हई केलेल्या तांब्याच्या थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचे. आपल्या बेसनाच्या धिरड्याशी त्याचे नाते उघड आहे, परंतु तो धिरडे नव्हे. हळद, मिरची, कोथिंबीर काहीही नाही, तेल सढळ, पीठ ताकासारखे पातळ, कडा करपण्याच्या जवळ गेलेल्या आणि मधला भाग खरवसासारखा मऊ. वर फक्त मिऱ्याची भरड पूड, आणि गरम असतानाच हाताने तोडून खायचा.

घरी हे करणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना आहे. तिथले थाळे तांब्याचे आहेत हे वाचून कोणी आजीची परात गॅसवर चढवू नये. कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवले, तर काही मिनिटांतच कल्हईचे मणी होऊन ती एका बाजूला गोळा होते. अशी बिघडलेली भांडी मी कितीतरी पाहिली आहेत. आणि कल्हई उडालेल्या तांब्यात टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर असलेला पदार्थ तर मुळीच करू नये. सोक्क्यासाठी आपला जुना लोखंडी तवा किंवा बिडाचे भांडे उत्तम आहे: ते धूर येईपर्यंत तापवावे, तेल सोडावे, पीठ ओतावे, झाकण ठेवावे आणि दुसरा तवा लाल होईतो तापवून तो झाकणावर ठेवावा. वरून उष्णता मिळाली की पृष्ठभाग सुकतो आणि त्यावर डाग पडतात.

गोदातीर

दादा, झाकणावर तापलेला तवा ठेवण्याची ही युक्ती म्हणजे ओव्हनच्या प्रश्नाचे उत्तरच आहे. वर-खाली निखारे ठेवून भाजण्याची रीत आपल्या भानोल्यात आणि जुन्या नानकटाईत होतीच. फ्रान्सच्या खेड्यांतही झाकणावर निखारे ठेवत असत आणि त्याला ‘वर आग, खाली आग’ अशाच अर्थाचे शब्द आहेत. मी याच रीतीने बटाट्याचे ग्रातँ, म्हणजे दूध-सायीत भाजलेल्या चकत्या, करून पाहीन आणि इथे लिहीन.

आश्विनी_पौर्णिमा

आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे चालत नाही. सासूबाई हे कटाक्षाने पाळतात आणि मलाही ते पाळायचे आहे. वर लिहिलेले बहुतेक सगळे पदार्थ कांद्यावर उभे आहेत. अशा चार महिन्यांत या धाटणीचे काही करता येईल का? आमच्याकडे अंडेही आणत नाहीत.

गोदातीर

ताई, नक्की करता येईल, आणि सासूबाईंनाही आवडेल असे वाटते. बटाट्याचे ग्रातँ दोफिनुआ हा दोफिने प्रांताचा पदार्थ मूळ रूपात बटाटे, दूध आणि क्रीम यांचाच असतो. त्यात चीज आणि अंडी घालू नयेत, असे तिथले जुने लोक आग्रहाने सांगतात. लसणाची पाकळी फक्त भांड्याला आतून चोळतात, ती आपण वगळावी.

आपल्या प्रश्नाच्या निमित्ताने मी कालच तव्याची रीत वापरून ते केले. एक किलो बटाटे सोलून पातळ चकत्या केल्या. चिरल्यानंतर त्या धुवायच्या नाहीत, कारण चकत्यांवरचा स्टार्चच दूध दाट करतो; हा नियम मोडला तर दूध वेगळे आणि बटाटे वेगळे राहतात. अर्धा लिटर दूध, वाटीभर साय, मीठ, मिरपूड आणि सहाणेवर उगाळलेले चिमूटभर जायफळ एकत्र करून त्यात चकत्या दहा-बारा मिनिटे मंद शिजवल्या. त्या अर्धवट मऊ झाल्यावर सगळे मिश्रण लोणी लावलेल्या पसरट भांड्यात ओतले, भांडे जाड तव्यावर ठेवले, वर लोखंडी झाकण आणि झाकणावर तापवलेला दुसरा तवा. तो तवा दर दहा मिनिटांनी पुन्हा तापवून ठेवावा लागला. पाऊण तासाने झाकण उचलले तेव्हा कडेने साय फुगून सोनेरी झाली होती आणि मधे तांबूस ठिपके पडले होते. ओव्हनमधल्यासारखी एकसंध पापडी आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, पण चव पूर्ण उतरली. त्या दिवशीच्या भावाने बटाटे आणि दूध मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत राहिला; साय घरचीच होती.

सायीवरून आठवले. ज्या ‘क्रेम फ्रेश’चे डबे इतके महाग मिळतात, ते म्हणजे विरजलेले क्रीम. आपण लोणी काढण्यासाठी सायीला विरजण लावतोच; ती साय आंबट होऊन घट्ट झाली, की घुसळण्यापूर्वी वाटीभर बाजूला काढून ठेवावी. सूपात, बटाट्यात किंवा फळांवर ती क्रेम फ्रेशच्या जागी सुरेख चालते. उरलेल्या सायीचे जे लोणी निघते, तेही विरजणाचे असल्यामुळे दुकानातल्या बटरपेक्षा फ्रान्समधल्या पारंपरिक लोण्याच्या अधिक जवळचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत होत असलेली ही वस्तू आपण परदेशी नावाने विकत घ्यावी, याचे वाईट वाटते.

चातुर्मासासाठी लाल भोपळ्याचे सूप आणि अंड्याशिवाय करता येणारी बकव्हीटची घडीही (धिरड्यासारखी पातळ पोळी) आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात बकव्हीटच्या पिठाच्या पातळ घड्या करतात. आपल्याकडे ते पीठ उपवासाच्या साहित्यात कुट्टूचे पीठ म्हणून मिळते. फक्त पीठ, पाणी आणि मीठ रात्रभर भिजवून बिडाच्या तव्यावर पातळ पसरावे.

येवलेकर

आजवर या संस्थळावर मी फक्त वाचत आलो. आज लिहिल्यावाचून राहवले नाही. आमच्या घरी पैठणीचे माग आहेत. लिओं हे फ्रान्समधले रेशमाचे शहर आणि तिथल्या रेशीम विणकरांना ‘कान्यू’ म्हणत. आमच्याकडे मागावर नक्षी विणण्यासाठी जो जकार्ड चढवतात, त्याचे नाव लिओंच्याच जोसेफ मारी जाकार्ड यांच्यावरून आले आहे. त्या विणकरांनी मजुरीच्या दरासाठी १८३१ आणि १८३४ मध्ये उठाव केले होते. त्यांच्या नावाने तिथे आजही एक पदार्थ खातात, ‘सेर्वेल द कान्यू’, शब्दशः ‘विणकराचा मेंदू’. नाव ऐकून दचकू नये, त्यात मांस नाही. ताज्या, मऊ चीजमध्ये बारीक चिरलेला छोटा कांदा, लसूण, हिरवी पाने, थोडे तेल, थोडे व्हिनेगर, मीठ आणि मिरे कालवतात, आणि पावावर किंवा उकडलेल्या बटाट्यावर घालून खातात.

आम्ही ते चक्क्यात करतो. अर्धा किलो दही रात्री फडक्यात टांगले की सकाळी चक्का तयार. त्यात कांद्याची पात, एक ठेचलेली लसणाची पाकळी, कोथिंबीर, दोन चमचे तेल, एक चमचा व्हिनेगर, मीठ आणि मिरे. हे मिश्रण हाताने फेटावे; मिक्सरमध्ये घातले तर पातळ होते. गॅस मुळीच लागत नाही. मागावर बसलेल्या माणसाला दुपारी उठून रांधायला वेळ नसतो, तेव्हा भाकरीबरोबर हे पोटभरीचे होते. चक्क्याचे निथळलेले पाणी टाकू नये, त्यात पीठ भिजवावे.

बागाईतदार_दिंडोरी

दोन गोष्टी सांगतो, एक वाइनची आणि एक कच्च्या द्राक्षाची.

पाककृतीत ‘पांढरी वाइन अर्धा कप’ असे लिहिलेले असते. तिचे काम भांड्याच्या बुडाची खरवड सोडवणे आणि पदार्थाला आंबटपणा देणे एवढेच असते. जे वाइन घेत नाहीत त्यांनी पाणी आणि थोडे लिंबू घातले तरी ते काम होते. केवळ स्वयंपाकासाठी बाटली आणणे काटकसरीच्या घरात मला योग्य वाटत नाही, आणि हे मी वाइनची द्राक्षे लावणाऱ्या तालुक्यात राहून म्हणतो आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फ्रान्समध्ये लिंबाऐवजी कच्च्या द्राक्षांचा रस वापरण्याची जुनी पद्धत आहे, त्याला ‘व्हेर्ज्यू’ म्हणतात. दिजों या फ्रेंच शहराच्या प्रसिद्ध मोहरीतही तो घालत. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी करताना हिरव्या मण्यांचा खच बागेत पडतो, आणि हे वाचून कोणाला तो उचलून आणावासा वाटेल. कृपया तसे करू नका. त्या अवस्थेत बागेवर बुरशीनाशकांच्या आणि संजीवकांच्या फवारण्या चालू असतात आणि ते मणी खाण्यासाठी सुरक्षित नसतात. घराच्या मांडवावर बिनफवारणीचा वेल असेल, त्याचेच मणी ठेचून, गाळून वापरावेत. चव लिंबापेक्षा सौम्य आणि गोलाईची असते. मसुरावर ती फार खुलते.

हिशेबवही

मोहरीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. मसुराच्या सॅलडसाठी लागणारी फ्रेंच मोहरी बाटलीत महाग पडते. ती घरी होते का?

गोदातीर

होते, आणि आपल्या घरांतल्या फेसलेल्या मोहरीचीच ती बहीण आहे. दिजोंच्या मोहरीत वापरतात ती तपकिरी मोहरी आणि आपल्या फोडणीची मोहरी एकाच जातीची आहे. फ्रान्स तिचे बी मोठ्या प्रमाणावर कॅनडातून आणतो, म्हणून कॅनडात २०२१ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा पुढच्या वर्षी फ्रान्सच्या दुकानांतून मोहरीच्या बाटल्या गायब झाल्या होत्या.

चार चमचे मोहरी रात्री भिजत घालावी आणि सकाळी थोड्या गार पाण्यात वाटावी. पाणी गरम घेऊ नये, कारण तिखटपणा ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो ते उष्णतेने मरते. वाटल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावे. नाकाला झणका लागला की लगेच दोन चमचे व्हिनेगर आणि मीठ घालावे. आंबट घातले की तिखटपणा आहे तिथेच थांबतो, म्हणून व्हिनेगर आधी घातले तर मोहरी मिळमिळीत राहते आणि फार उशिरा घातले तर झणका उडून जातो. पहिल्या दिवशी ती कडवट लागते. दोन दिवस बाटलीत मुरू द्यावी.

मसुरासाठी: एक वाटी अख्खा मसूर, एक कांदा, त्यात टोचलेली एक लवंग आणि एक गाजर उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे. कुकर लावू नये, दाणा अख्खा राहायला हवा. एक भाग व्हिनेगर, तीन भाग तेल आणि चमचाभर मोहरी फेटून ती मसूर कोमट असतानाच ओतावी, कारण गार झालेला दाणा रस पीत नाही. थाइमच्या जागी मी चिमूटभर ओवा चुरडून घालते. दोन्हींत थायमॉल हाच मुख्य सुगंध असतो. तमालपत्राबाबत मात्र सांभाळावे. फ्रेंच पाककृतीतले ‘बे’चे पान वेगळ्या झाडाचे असते आणि आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास असतो, म्हणून अर्धेच पान घालून लवकर काढावे.

स्पष्टवक्ता

मी रविवारी रातातुई आणि मसूर असे दोन्ही करून पाहिले. भाज्या वेगवेगळ्या परतायला कंटाळा आला हे खरे, तरी फरक जाणवला हे मान्य करतो. ‘मोठेपणाचा सोस’ हे शब्द मी मागे घेतो. मात्र नावाविषयीचे माझे मत कायम आहे. आमच्या आईने त्याला ‘वेगवेगळी भाजी’ असे नाव दिले आहे आणि घरात तेच चालेल.

मांसाहारी पदार्थांविषयी कोणी लिहील का? कॉक ओ व्हँ करावे असे मनात आहे.

कल्हईवाला

ते काटकसरीत बसत नाही, असे माझे मत आहे. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात म्हातारा, चिवट कोंबडा वाया जाऊ नये म्हणून तो वाइनमध्ये तासन्‌तास शिजवत. आपल्याकडे गावठी कोंबडा ब्रॉयलरपेक्षा महाग मिळतो, आणि ब्रॉयलर तितका वेळ शिजवला तर त्याचे धागे होतात. अंडी देणे थांबलेली लेअर कोंबडी स्वस्त मिळाली, तरच हा खटाटोप करावा. त्यापेक्षा मटणाची नळी आणि हाडे आणून, गाजर, मुळा, कांदा आणि मिरे घालून ‘पो-तो-फ’ म्हणजे मांसाचे पाणी काढावे. आधी नुसते सूप प्यावे, मग भाज्या आणि मांस मोहरीबरोबर खावे; एका भांड्यात दोन वेळचे होते. कुकरात केले तर गॅसही वाचतो, आणि कुकरचा पूर्वज मुळात फ्रेंचच आहे. दनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनला जे वाफेचे बंद भांडे दाखवले, ते हाडे मऊ करण्यासाठीच होते.

आश्विनी_पौर्णिमा

काल ग्रातँ केले. बटाटे सवयीने धुतले आणि दूध खरोखरच वेगळे राहिले, त्यामुळे आज पुन्हा न धुता केले. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. त्यांचा प्रश्न असा आहे, की बटाट्याच्या जागी सुरण किंवा रताळे घातले तर दूध असेच दाट होईल का?

गोदातीर

रताळ्याचे मी केले आहे. दूध दाट होते, पण गोडवा वाढतो, म्हणून जायफळ कमी आणि मिरे जास्त घालावेत. सुरणाचे केलेले नाही. बुधवारी गोदाघाटाच्या बाजारातून आणते, आधी चिंचेच्या पाण्यात उकळून त्याची खाज काढते आणि गुरुवारी इथे लिहिते.